मीठफुटी

सहमला, समुद्रापासून दीड किलोमीटर आत,
खलफानच्या विहिरीत मी बाटली सोडते.
दोरीला गाठी आहेत, मीटरला एक.
गेल्या मार्चमध्ये चौदाव्या गाठीला पाणी लागलं होतं.
आज सतराव्या.

मीटर म्हणतो, अकरा पूर्णांक चार.
मी वहीत लिहायच्या आत
खलफान ओंजळीतलं पाणी जिभेवर घेतो,
थुंकतो, म्हणतो, "दहाच्या वर."
त्याचं यंत्र माझ्या यंत्राहून जुनं,
बॅटरी लागत नाही.

उत्तरेच्या बांधाला लिंबं होती म्हणे.
वाळून काळी झालेली, पोत्यांत भरून
होडीतून बसऱ्याला जायची.
त्या पैशांत आजोबांनी तीन लेकी उजवल्या,
मशिदीला एक भिंत घातली.
आता खुंट आहेत तिथे, ओळीत,
हजेरीला उभे केल्यासारखे.

"बापाच्या वेळी झाजरा होता."
दोन खांब, वर चाक, उतारावरून खाली जाणारा बैल.
मी म्हणते, मोट.
तो म्हणतो, मोट?
आणि शब्द तोंडात घोळवतो, खजुराची बी घोळवावी तसा.
"बैल दुपारी दमायचा," तो म्हणतो,
"मग विहीरपण झोपायची."
पुढे डिझेलचा पंप आला.
तो दमला नाही.

मी शिरोळ तालुक्यातली.
आमचे बाळगोंडा काका
कारखान्याच्या सभेत पहिल्या रांगेत बसायचे,
एकरी नव्वद टनांचा बिल्ला खिशाला लावून.
उसामागून बँक आली, डेअरी आली,
सोन्याची दोन दुकानं, मग कॉलेज.
त्याच कॉलेजात मी परीक्षानळ्या धुवायला शिकले.
म्हणजे उसाला नावं ठेवायचं तोंड मला नाही.
मग एका उन्हाळ्यात, पहाटे,
खालच्या रानात पांढरं दिसलं.
काकी म्हणाली, रांगोळी कुणी सांडली गं इथं?
काकांनी बोट लावलं, चाटलं,
आणि कुणाला काही न सांगता
त्या बाजूला जायची वाट मोडली.
बिल्ला मात्र लावत राहिले.

तिथे पाणी जास्त झालं आणि मीठ वर आलं.
इथे कमी झालं आणि समुद्र आत आला.
मिठाला कुठलंही कारण चालतं.

हमद, खलफानचा धाकटा, मला हरितगृहात नेतो.
आत ओला गारवा, दोरीवर चढलेल्या काकड्या,
मुळं मातीत नाहीतच, नारळाच्या भुश्शात.
मोबाईलवर आलेख दाखवतो,
बापाच्या दहा एकरांत निघायचं त्याच्या दुप्पट
या एका छपराखाली.
आलेख खरा आहे. मी आकडे तपासलेत.
मंगळवारी आणि शुक्रवारी ट्रक दुबईला जातो,
हमदने सोहारला घर घेतलंय,
मोफिजुलने नोआखालीत विटा उतरवल्यात.

छपरामागे गोडं पाणी करायचं यंत्र घरघरतं.
त्याची एक नळी आत जाते, काकड्यांकडे.
दुसरी मागच्या वाळूत उघडी सोडलेली,
वर काढलेलं सगळं मीठ
थेंब थेंब परत खाली.
विहिरीपासून किती पावलं, मी मोजते.
एकशे बारा.
मोफिजुलच्या चपलांच्या कडा पांढऱ्या झाल्यात.
तो विचारतो, "आपा, हेही लिहिणार?"
फॉर्म चाळते. या नळीला रकाना नाही.
"शेरा" या शब्दापुढे बोटभर जागा आहे,
तिथे लिहिते, बारीक अक्षरात,
अक्षर ओळीबाहेर जातं.

निघताना खलफान पिशवीत काकड्या देतो.
नको म्हटलं तर रागावतो.
हमदसमोर मला काहीतरी सांगायचं असतं त्याला,
पण खुंटांकडे बघून
तो फक्त फाटक लावतो.

गाडीत एक खाल्ली.
थंडगार, करकरीत, खोटं कशाला सांगू, गोडच होती.
डब्यात मिठाची पुडी होती.
सवय.
लावलं.