दोन काटे

आमचं पोस्ट बंद झालं त्या वर्षी
पार्सलं तोलायचा काटा मी घरी आणला.
कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
कोक्कोलात एकतीस वर्षं
लोकांची लोकरीची पायमोज्यांची खोकी त्यावर चढवली.
आता त्यावर माझा उजवा पाय आहे.
डावा आहे न्हाणीघरातल्या निळ्या काट्यावर,
तो बेंगटचा. बेंगट गेल्यावर कुणी त्यावर चढलं नव्हतं.

फिजिओथेरपीची पिह्ला म्हणते,
खाली नका बघू, खिडकीबाहेर बघा.
बाहेर बर्फ, आणि बर्फाला टेकलेलं फावडं.
ती वाकते, आकडे वाचते:
डावीकडे एक्कावन्न.
उजवीकडे सव्वीस.
चला, उजव्या, मी म्हणते, भाडं तरी भर.

ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले होते, दहा किलो उतरवा.
लोणी सोडून मी सहा उतरवले,
उरलेल्या चारांवर त्यांनी सही केली.
तिसऱ्या दिवशी मात्र पाच किलो वाढले,
पावाचा तुकडा न खाता!
सूज आहे, नर्स म्हणाली, सलाईनचं पाणी आहे.
मांडी भिजल्या पोत्यासारखी पलंगावर पडलेली,
माझी, पण दुसऱ्या कुणाच्या नावावर आलेली.

मग पाणी उतरलं, त्याच्यामागून भूकही गेली.
गोळ्यांनी कॉफीसुद्धा लोखंडासारखी लागे.
जे दोन घास जात, ते अंगाला लागेनात.
भांडी घासताना अंगठी निसटली,
फेसात शोधत बसले, कुबडी काखेत धरून.
एकोणसत्तर. कपाटातला जुना झगा बसला
आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

मग गुनवोर आली वेलचीचा पाव घेऊन.
दर गुरुवारी वाटाण्याचं सूप, वर पॅनकेक.
बसून बसून, खाऊन खाऊन
सगळं वजन माघारी आलं, टपालासारखं,
पत्ता न चुकता.
पुन्हा सत्त्याहत्तर.

डॉक्टरांना मी विचारलं होतं,
या नव्या गुडघ्याचं वजन किती?
ते म्हणाले, अर्धा किलो, थोडं इकडेतिकडे.
आणि काढलेल्या हाडाचं?
ते कुणी तोलत नाही, म्हणाले.
मी पोस्टातली बाई.
गेलेलं आणि आलेलं, दोन्ही नोंदल्याशिवाय
मला झोप लागत नाही.

गुडघा टेकायचा नाही, असं कागदावर लिहिलंय.
वाचून हसू आलं.
टेकायचा नाही म्हणूनच तर
अकरा वर्षं तसाच ओढला.

रात्री एकटीच दोन्ही काट्यांवर उभी राहते,
हातात टॉर्च.
चव्वेचाळीस, तेहतीस.
पिह्लाला वाटतं, पाय दुखण्याला भितो.
तसं नाही. बेंगटला खाटेवरून उठवताना
त्याचा सगळा भार मी डाव्यावर घ्यायचे,
उजव्याला म्हणायचे, तू राहू दे, तू राहू दे.
तो राहिला.
आता त्याला कसं सांगू, ये म्हणून?

मार्चमध्ये पायानं रेटायची घसरगाडी काढली.
डॉक्टरांना विचारलं नाही, पिह्लाला सांगितलं नाही.
उजवा पाय पट्टीवर, डाव्यानं एक लाथ,
दुसरी लाथ,
आणि डावा हवेत असताना कळलं,
आत्ता सगळी मी त्याच एका पायावर आहे,
सत्त्याहत्तर किलो, अधिक बूट,
अधिक पिशवीतली दोन किलो बटाटी,
आणि खाली काटा नाही.

गुनवोरच्या घरापर्यंत अशी गेले.
पुढच्या वळणावर नगरपालिकेनं खडी टाकलेली,
गाडी तिथेच अडली.
घाम पुसत उभी राहिले, घराकडे बघत,
आता एवढं परत कसं जायचं,
कोणत्या पायानं,
याचा विचार करत.