पुरणे

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत आमचं सलून.
काचेला काळा कागद, आत फक्त बायका.
हाला मेण तापवते, मी भुवया कोरते.
धाग्याचं एक टोक माझ्या दातांत असतं,
म्हणून दिवसभर ती बोलते, मी ऐकते.

मेण ढवळताना ती एकच गाणं गुणगुणते.
चाल पाळण्यासारखी. एक शब्द फिरून फिरून येतो,
तुबुर्नी.
मला वाटायचं, बाईचं नाव असेल,
नाहीतर मिठाईचं.

रमजानात दुपारी गिऱ्हाईक नसतं.
धागा सोडला नि विचारलं, अर्थ काय गं याचा?
तिची हिंदी मोडकी, म्हणून हातांनी सांगितलं:
फावडं. माती. मी खाली, तू वर.
तू मला पूर.

शी! म्हटलं, हे कसलं प्रेमाचं गाणं?
आमच्यात असं बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवतात.
आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते.
मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढतं.
निघणारा जातो म्हणत नाही, येतो म्हणतो.

हाला हसली. म्हणजे तुम्हीही घाबरटच.
अगं, तुझ्याशिवायचा एक दिवस मला दिसू नये, एवढंच त्यात आहे.
आई रोज म्हणायची मला,
दूध सांडलं तरी, परीक्षेला निघाले तरी.
मग मेणावर धरलेली साय लाकडी पट्टीनं बाजूला सारत,
आई आधी गेली. तेवढं खरं झालं.
होम्सचे रस्ते बंद होते तेव्हा.
पुरलं शेजाऱ्यांनी.

रात्री खोलीवर, वरच्या पलंगावरून, सावंतवाडीला फोन.
निहार आठ वर्षांचा. खोकत होता.
माझं आयुष्य लागो तुला, म्हटलं.
"किती?"
सगळं.
"मग तुला काय उरणार?"
हिशेबात तो बापावर गेलाय.
तू आहेस ना, म्हटलं, तू मला पुरशील.

आणि तिथेच जीभ अडली.
साखर पुरते. पगार पुरत नाही.
अंथरूण तर कुणालाच कधी पुरलं नाही.
आणि हाच शब्द मातीसाठी.
आम्ही जाळणारी माणसं,
आमच्यात पुरतात ती फक्त तान्ही.
निहारच्या आधी एकदा,
फणसाच्या पलीकडे, हातभर खड्डा.
मला तिकडे जाऊ दिलं नव्हतं.

मी खाली, तू वर.
गाण्यात एवढंच मागणं आहे,
की क्रम चुकू नये.

"आई, आवाज तुटतोय तुझा."
तुटत नाही रे, वाढतोय.
त्याला काही कळलं नाही.
औषध घे, म्हटलं, एक चमचा.
आणि बाटलीचं झाकण घट्ट लाव,
मुंग्या येतात.