बरगे घालायच्या आधी

सांगलीत कृष्णा संथ आहे.
हे आधीच सांगतो, कारण सगळे विचारतात,
दारात एवढी नदी असताना
बहिणीची होडी दुधाच्या टेम्पोवर बांधून
हिंडतोस कुठं.

आमच्या घराण्यात होडी सरळ जाते.
शर्यत लागली की वल्ही एका दमात पडतात,
काठावर माणूस मावत नाही,
आयर्विन पुलाखालून जी आधी निघाली, तिची ढाल.

प्रणोतीची होडी वळते.
एका माणसाची, नऊ किलोची, निळी.
महेश्वरला नर्मदेत शिकून आली
आणि तेव्हापासून तिला
दगडाला थडकून पांढरं झालेलं पाणी पाहिजे.
वर टांगलेल्या काठ्यांच्या जोड्या पाहिजेत.
हिरव्यांतून पाण्याबरोबर खाली,
लालमधून पाण्याविरुद्ध वर.
काठीला अंग लागलं, दोन सेकंद दंड.
जोडी चुकली, पन्नास.
आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाले,
म्हणजे नदीनं खाली नेलं तरी
ही परत वर जाणार, काय विसरलं का बघायला.

हरिपूरला संगमावर पाणी नुसतं घडी घालतं.
भिलवडीत धुणं धुणाऱ्या बाईनं
हात कोपरापासून उघडून मिटला : मगर.
म्हैसाळच्या कालव्यावर रखवालदार धावत आला,
त्याला वाटलं, पोरगी जीव द्यायला आली.
मग डोक्याकडे बघून स्वतःच थांबला.
हेल्मेट घालून कोण मरतं?

दूध उतरवलं की रोज एक नवी वाट.
मला पोहता येत नाही. हे घरात कुणी बोलत नाही.

मग वारणेच्या कडेकडेनं वर, शिराळ्याच्या अंगाला.
गावाचं नाव नाही सांगत.
जुना बंधारा, दगडी खांब,
गाळ्यागाळ्यातून पाणी मान खाली घालून सुटलेलं,
आणि प्रत्येक खांबामागं
उलट फिरून गप बसलेलं थोडं पाणी.
प्रणोती काही बोलली नाही.
चप्पल काढली फक्त.

बंधाऱ्यावर दस्तगीर मुलाणी
खडूनं बरग्यांवर आकडे घालत होते.
वीस तारखेला बरगे पडले की वर तळं, खाली दगड, म्हणाले,
उसाला पाणी नको का?
नऊ दिवस आहेत.
नऊ दिवसांत काय शिकणार तू?
डावं वळण, ती म्हणाली.

पीव्हीसीच्या नळ्या मोटारीच्या दुकानातून आणल्या.
लाल रंग बेंदराला शिंगं रंगवून उरलेला,
हिरवा मुलाणींनी आणला, उरसातला असावा.
या खांबापासून त्या खांबापर्यंत नायलॉनची दोरी.
पहिल्या दिवशी ती सहा वेळा उलटली.
सहाही वेळा मी श्वास धरला,
सहाही वेळा तिच्यानंतर सोडला.

तिसऱ्या दिवसापासून मुलाणी पंच झाले.
लागली! वरून ओरडायचे.
वारा होता, ती खालून.
वाऱ्यानं दोन्ही हलतात. एकच हलली.
आणि ती ओलीचिंब, चिडून, पुन्हा वर.
उजवं वळण तिचं लोण्यासारखं.
डावीकडे मात्र तिसऱ्या खांबामागं
रोज काहीतरी खालून धरायचं तिला.
काय ते दिसत नव्हतं. पाणी पांढरं.

वीस तारखेला फक्त बघायला गेलो.
बरगे एकेक खाली जात होते,
प्रत्येकाचा आवाज वेगळा, लाकूड लाकडावर बसल्याचा.
पलीकडे कुणाची तरी मोटार सुरू झाली.
खालचं पाणी ओसरत, ओसरत
घोट्याएवढं झालं.
नळ्या सरळ लोंबत राहिल्या, कुणी लागायला नाही.

तिसऱ्या खांबामागं एक दगड वर आला.
टेम्पोच्या टायरएवढा, शेवाळलेला,
एका बाजूला निळे ओरखडे, दहाबारा,
एकावर एक.
प्रणोती वाकून बोट फिरवत राहिली,
दात दुखतो तिथं जीभ जाते तशी.

पुढच्या वर्षी उकरून काढू का, मी विचारलं.
ती नको म्हणाली.
आणि मुलाणी, खडू खिशात टाकत,
कुठं जात नाही तो.