अकरा चुली

हिशेबनीस मार्गित विचारते, धंदा विकलात तर काय येईल?
मी टेबलावरच्या मेणकापडाचा वर आलेला कोपरा
दाबत राहते.
काय येईल.
एक व्हॅन, तिसऱ्या गिअरला खोकणारी.
एक हातोडी, जिच्या दांड्याला हेल्दुरच्या अंगठ्याएवढा खळगा पडलाय,
दुसऱ्या कुणाच्या मुठीत ती बसणार नाही.
आणि एक फोन नंबर,
व्होरूपासून वाल्गापर्यंतच्या म्हाताऱ्यांना पाठ असलेला,
पण त्यावर दुसराच आवाज आला
तर त्या फोन ठेवून देतील.

मार्गित लिहिते: शून्य.
छान गोल काढते ती शून्य.

चौतीस वर्षं माझा नवरा लोकांच्या घरी चुली मांडतोय.
छताला टेकणाऱ्या, पांढऱ्या फरशांच्या,
पोटात धुराच्या सहा वाटा असलेल्या.
सकाळी दोन मोळ्या घातल्या
की रात्री पाठ टेकून बसावं, अशा.
घरोघरी मातीच्या चुली, आणि माती आमची.
जरा कच्च्या बांधल्या असत्या
तर दर दहा वर्षांनी बोलावणं आलं असतं.
त्याला ते जमत नाही.
उर्वास्तेतल्या एका चुलीची मालकीण गेली, मुलगा गेला,
घर विकलं गेलं,
वीट एक हललेली नाही.
हे सांगताना तो ताठ बसतो.
मला अलीकडे थोडा रागच येतो.

कुणी अर्धं डुक्कर दिलं, कुणी बर्चची लाकडं,
एका मास्तरानं आमच्या पिरेतला दोन हिवाळे व्हायोलिन शिकवलं.
पेन्शनच्या कागदावर डुकराला रकाना नाही.

आणि रोख जे आलं
ते मी लिहीत होते.
याच टेबलावर, दर मार्चमध्ये,
मला चष्मा नव्हता तेव्हापासून.
नऊ आले की पाच लिहायचे.
हेल्दुर म्हणायचा, बायको हुशार आहे माझी.
त्या लपवलेल्या चारांतून
पिरेतचे बर्फावरचे बूट आले, छपराचा पत्रा आला,
एकदा चार दिवस समुद्र.

आता कचेरीतून पत्र आलंय.
त्यांनी माझा शब्द न् शब्द खरा मानलाय.
पाचाचा माणूस, पाचावर जेवढं बसतं तेवढंच.
मी कागदावर त्याला इतका गरीब केला
की आता तो खरंच तसा व्हायला लागलाय.

संध्याकाळी तो दारातच बसतो,
गुडघ्यांवरच्या गाद्या सोडतो,
आधी डावी,
मग भिंत धरून उजवी.
कानामागं काजळी.
आमची स्वतःची चूल मागून तडकलीय,
पश्चिमेचा वारा असला की सूपला धुराचा वास येतो.
पुढच्या हिवाळ्यात बघू,
असं तो सतरा हिवाळे म्हणतोय.

जेवताना विचारतो, अजून किती?
वर्षं नव्हे. तो चुलींतच मोजतो.

मार्गितचं गणित म्हणतं, अकरा.
त्याचे गुडघे म्हणतात, चार,
जिना उतरताना मला ऐकू येतं ते.
मी म्हणते, सात.
कमी दाखवायची जुनी सवय.

तो बटाटा सोलत राहतो,
मग गिऱ्हाइकाकडे बघतो तसा माझ्याकडे बघतो.
सहा, म्हणतो.
लाकूडफाटा आणि जेवण तुमच्याकडून.

मी हो म्हणते.
रात्री वहीत अकरा लिहिते, पेन्सिलीनं.
शेवटच्या पाचांपुढे शेजारच्या ओत्तोचं नाव,
विटा उचलतो तो, शिकेलही कदाचित,
आणि एक प्रश्नचिन्ह.
वही चुलीमागच्या कोनाड्यात ठेवते,
तडकलेल्या बाजूला,
जिकडे हेल्दुर कधीच बघत नाही.