खळं

दुब्ना. जानेवारी. उणे सव्वीस.
व्होल्गा गोठून पाटासारखी पडलेली,
आणि तिच्यावर भोकं पाडून बसलेली माणसं
लांबून मोहरीएवढी.
त्यातला एक फेदोसी, आमच्या रिम्मा अर्काद्येव्नाचा दीर.
मासा त्याला दिसत नाही.
दोरी थरथरते, तेवढ्यावरून तो म्हणतो:
लहान आहे, जाऊ दे.

आम्हीही तेच करतो, काँक्रीटच्या आत.

हेलियम-आठ. दोन प्रोटॉन, सहा न्यूट्रॉन.
चौघं गाभ्यात, दाटीवाटीने.
उरलेले चार न्यूट्रॉन बाहेर, सैल,
घरातलेच, पण उंबऱ्यापलीकडे झोपणारे.
त्यांच्या त्या विरळ वावराला म्हणायचं खळं.
पापणी लवते तेवढ्यात यातली निम्मी अणुकेंद्रं संपतात.
म्हणून धावतानाच त्यांना हायड्रोजनवर सोडायचं,
आणि धक्का बसलेला प्रोटॉन
कुठल्या कोनात उडाला
ते सिलिकॉनच्या पट्ट्यांवर टिपायचं.
अंधारात दगड मारणं, दुसरं काय.
फक्त दगड मोजून मारायचे,
आणि आवाज कुठून आला ते लिहून ठेवायचं,
लाख वेळा.

तिसऱ्या रात्री आलेखाला टेंगूळ आलं.
इल्नूर खुर्चीवरून उठलाच. कझानचा पोरगा, पहिलीच पाळी,
मनात शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरलं असणार.
रिम्माने घड्याळ पाहिलं,
शेजारच्या खोलीत गेली,
चहाच्या किटलीची वायर उपटून आली.
टेंगूळ पुन्हा आलं नाही.
चहाही नाही, उजाडेपर्यंत.

सतरावी पट्टी नोव्हेंबरपासून मेलेली.
इल्नूर त्या रकान्यात शून्य भरत होता.
रिम्माने त्याच्या हातातलं पेन्सिलचं टोक
बोटाने अडवलं. त्या बोटावर सोल्डरचे जुने डाग.
"शून्य म्हणजे पाहिलं, आणि नव्हतं.
इथे आपण पाहिलंच नाही.
मोकळं ठेव."

चौतीस वर्षं ती असल्या मोकळ्या जागा
मोकळ्या ठेवत आली आहे.
मी तिला कधी कशाबद्दल "नक्की" म्हणताना ऐकलं नाही,
नवरा गेला तेव्हा डॉक्टरांसमोरही नाही.

पहाटेपर्यंत ठिपके उतरणीला लागले,
साध्या हेलियमपेक्षा तीव्र उतरणीला.
म्हणजे आत जे आहे ते पसरलेलं आहे, ऐसपैस.
"मग त्याची कड कुठे?" इल्नूरने विचारलं.
"कशाने चाचपतोस त्यावर," ती म्हणाली.
"इलेक्ट्रॉनला एक सापडते, प्रोटॉनला दुसरी.
रेघ अजून ओढू नकोस."

बाहेर आलो तर चंद्राला खळं पडलेलं,
बर्फाच्या धुळीचं, केवढं तरी.
कोणीच काही बोललं नाही. इतकं सोपं
कोणाला बोलायचं नव्हतं.
नाकातले केस गोठून टोचत होते.

फेदोसी बादली घेऊन वर येत होता.
"किती?"
"तीन. आणि एक, दोरीला शिवून गेला."
तोही धरतो हा हिशेबात, नेहमी.

"तो केवढा होता?" इल्नूरने विचारलं,
खिशातली वही काढत.

फेदोसीने दोन्ही हात पसरले.
रिम्माकडे पाहिलं.
मग हात थोडे जवळ आणले.