वजन

खणभागात सायकलच्या दुकानावर
जिना असा, की पाय आधी विचारून ठेवावा लागतो.
तिथं संध्याकाळी सात ते साडेआठ
निलोफर नदाफ आम्हाला अरबी शिकवतात.
आम्ही पाच नर्सा, एक वेल्डर,
आणि एक ड्रायव्हर, जो तासात चारदा
फोन घ्यायला खाली जातो.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, पाठ करू नका.
तीन अक्षरं धरा. नुसता सांगाडा.
त्याला अजून आवाज नाही, अर्थही अर्धाच.
मग साच्यात घाला.
साच्याला अरबीत म्हणतात वजन.
मी वहीत लिहिलं : वजन.
पुढं किलो लिहायला हात वळवळला.
सवय.

ह, म, ल.
यातला ह गळ्याच्या तळातून,
चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा.
वेल्डरला पहिल्या फटक्यात जमला, आम्हाला नाही.
ह-म-ल म्हणजे वाहून नेणं.
आता मधलं अक्षर दाबा, म वर म,
पुढचा आ लांबवा :
जो एकदा नाही, रोज करतो,
ज्याचं पोटच त्यावर आहे, तो.
सराफ, दलाल, हज्जाम, सगळे ह्याच वजनाचे.
आणि नदाफ. मीसुद्धा, बाई म्हणाल्या,
आजोबा कापूस पिंजायचे.
तर मग ह-म-लचं काय होईल?

कुणी बोललं नाही.
मला येत होतं.
सांगलीच्या मार्केट यार्डात
तातोबा शिदू ऐवळे, बिल्ला नंबर एकशे बारा.
शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर
'वडिलांचा व्यवसाय' ह्या रेघेवर
मी तो शब्द बारीक अक्षरात लिहिलेला.
नववीत एकदा व्यापार लिहिलं होतं.

हम्माल.
बाई फळ्यावर लिहितात,
म च्या डोक्यावर तीन दात्यांची खूण,
पोत्यात रुतवायच्या आकडीसारखी.
आपण मराठीत आणताना एक म गाळला.
कुठं पडला असेल तो?
मला वाटतं बाबांनीच उचलला असणार.
वाटेत पडलेलं काही ते सोडत नाहीत.

लग्नातली हळद चार दिवसांत उतरते.
बाबांच्या बनियनची उतरली नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच तीन अक्षरं,
वॉर्डात लागणारा शब्द. हामिल : गरोदर.
शेवटी स्त्रीलिंगी खूण नको, बाई म्हणाल्या,
पुरुष थोडाच होणार आहे.
खूण लावून हामिला म्हटलं
तर जिच्या डोक्यावर ओझं आहे, ती.

मी हात वर केला.
माझ्या वेळी सातव्या महिन्यात
आई गोडाऊनात हळकुंडांच्या पाट्या वाहत होती.
तिला काय म्हणायचं?

खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं.
बाईंनी खडू ठेवला.
दोन्ही लिही ऐवळे, म्हणाल्या,
परीक्षेत अर्धा मार्क कापतील. कापू देत.

घरी सांगितलं, काही देशांत मोबाईलला महमूल म्हणतात,
वाहून नेलेला. तुमच्याच घराण्यातला.
बाबा म्हणाले, मग त्याची हमाली कोण देतंय?
इहतिमाल सांगायचं राहिलं.
तोही ह्याच मुळातला :
शक्यता, आणि सोसणंही.
मला अजून तो नीट उचलता येत नाही.

मस्कतचा व्हिसा बुधवारी आला.
बॅगेला तीस किलोची मुभा.
शेजाऱ्यांकडं काटा मागावा म्हणून उठले
तोवर बाबा उकिडवे बसले होते,
बॅग पाठीवर, डोळे मिटलेले.
खांदा एकदा हलवला.
सत्तावीस, म्हणाले. वर थोडं.
कांदा-लसणीची दोन किलो बसंल अजून.