बाराव्या माळेची नोंद

देवगडला, जुन्या बर्फाच्या कारखान्यात
आता प्रयोगशाळा आहे.
भिंती अजून गारठलेल्या, आणि कुठल्याही खोलीत जा,
बांगड्याचा वास आधीच पोचलेला.
सहावं सेमिस्टर आम्ही चौघांनी इथे काढलं:
नाझमीन, सुयोग घाडी, डिगसचा एक अबोल मुलगा
ज्याला शेवटपर्यंत सत्तेचाळीस अशी रोल नंबरनेच हाक मारली,
आणि मी, जिला पोहता येत नाही.

प्रश्न साधा होता. उपरकर मॅडमनी फळ्यावर लिहिला:
कालवाचं पिल्लू कशावर बसतं?
पंधरा-वीस दिवस ते पाण्यात भटकतं,
मिठाच्या कणाएवढं,
शेवटी त्याला एक पाय फुटतो, त्याने जागा चाचपतं,
निवडतं, चिकटतं,
आणि पाय विरघळवून टाकतं.
"निवडतं म्हणू नका," मॅडम म्हणाल्या, "स्थिरावतं लिहा."
मी निवडतं खोडून स्थिरावतं लिहिलं.

बारा माळा सोडल्या खाडीत:
कौलाचे तुकडे, करवंट्या, काच, पीव्हीसी.
अमावस्या-पुनवेला पहाटे सहाची ओहोटी, चिखल पोटरीपर्यंत.
भांगाच्या दिवसांत पाणी धड चढेना, धड उतरेना,
तेव्हा आत बसून मोजायचं.
एक डोळा मायक्रोस्कोपला, दुसरा उघडा,
हे जमायला मला जानेवारी लागला.
अंगठ्याखाली क्लिकर. टक्. टक्.
रात्री नाझमीनचा अंगठा झोपेत उशीवर मोजत राहायचा.
करवंटीवर, तीन आठवड्यांत, चारशे बारा.
कौलावर दोनशे सहा.
काचेवर सात, त्यातलं एक बहुधा रेतीचा कण.
बाबा फोनवर विचारायचे, मग पुढे काय?
मी म्हणायचे, पीव्हीसी राहिलंय.

मार्चमध्ये क्षारता चौतीसवर गेली
आणि बारावी माळ गेली.
दोर कापलेला, सुरीने, स्वच्छ.
जेटीवर एका होडीला तोच निळा दोर बांधलेला दिसला,
सुयोगची गाठसुद्धा तशीच.
भांडायला गेलो आणि चहा पिऊन परत आलो.

त्या दिवशी कातळावर शेवंती कोयंडे बसली होती,
हातात कोयती, शेजारी टोपात कालवं.
"काय गो मोजतास?"
सांगितलं.
"आणि ह्याचो पगार कोण देता?"
कोणी नाही.
ती हसली नाही. कोयतीने कातळ ठोकला.
"तां कौलार कित्याक बसतला?
तां आपल्याच मेलेल्यांच्या पाठीर बसता."

रिकामा शिंपला.
चार महिन्यांत आमच्या यादीत तो नव्हता,
आणि पायाखाली तेच करकरत होतं.

मॅडमनी ऐकलं. चष्मा काढला, पुसला.
"हे छापून आलेलं आहे कधीच.
तुम्हीच शोधून काढावं म्हणून ठेवलं नव्हतं,
असं म्हणता आलं असतं मला.
विसरले."

तीन आठवडे उरले होते. एकच माळ केली, शिंपल्यांची.
मोजले: तीनशे अठ्ठ्याण्णव.
करवंटीहून चौदा कमी.
नाझमीनने पुन्हा मोजले. तेवढेच.
शेवंतीला सांगितलं तर म्हणाली,
"मगे तुमी मोजूक चुकलात."
मॅडम म्हणाल्या, एका माळेवरून काहीच म्हणता येत नाही.
सत्तेचाळीस पहिल्यांदाच मोठ्याने हसला.
त्याचं नाव वल्लभ, हे मला अहवालाच्या मुखपृष्ठावर कळलं.

अहवालात आहे:
माळ क्रमांक बारा, नोंद उपलब्ध नाही.
ते तितकंसं खरं नाही.
दोर होडीला आहे. कौलं आणि करवंट्या
जेटीपासून आत कुठेतरी तळाशी गेल्या असतील,
आणि आता मे उजाडला तरी त्यांच्यावर
कोणीतरी येऊन निवडत,
म्हणजे स्थिरावत असेल.
ते मोजायचं राहिलं आहे.
मला पोहता येत नाही.